टोमॅटो लाल, सिग्नल पिवळा

(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रथमच सांगतो, मी अर्थतज्ज्ञ नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला आणि रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो. बदलीच्या निमित्ताने इकडे आलो आणि आपल्यापैकी अनेकांप्रमाणे "दोनतीन वर्षांत परत जाऊ" असे म्हणत म्हणत इथलाच झालो. मग मला आज "अन्नधान्याचे भाव वाढले म्हणजे महागाई आली का?" या विषयावर बोलायला का उभे केले? कारण समितीच्या एका बैठकीत मी या विषयावर फार मोठ्याने बोललो होतो. त्याचीच ही शिक्षा आहे.

ती बैठक जुलै २०२३ ची. महाप्रसादाचे अंदाजपत्रक समोर होते. त्या दिवशी सकाळी मी पश्चिम तांबरमच्या शण्मुगम रोडवरून टोमॅटो घेऊन आलो होतो. घेऊन आलो म्हणण्यापेक्षा मोजून आलो होतो, कारण किलोचा भाव १०० च्या पुढे गेला होता. तमिळनाडू सरकारने त्याच महिन्यात चेन्नईतल्या काही रेशन दुकानांतून ६० रुपये किलोने टोमॅटो विकायला सुरुवात केली होती आणि तिथे रांगा लागत होत्या. मी बैठकीत ठासून सांगितले, "टोमॅटोची ही अवस्था, म्हणजे सगळेच महागणार. वर्गणी १५०० वरून १८०० करा." आमचे खजिनदार काका निवृत्त गृहस्थ, हिशोबाला पक्के. ते एवढेच म्हणाले, "अहो, टोमॅटो गणपतीपर्यंत उतरेल. त्याच्यावर वर्गणी ठरवू नका." बहुमत माझ्या बाजूने झाले. वर्गणी वाढली.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तोपर्यंत टोमॅटो इतका घसरला होता की काही ठिकाणी शेतकरी माल रस्त्यावर ओतत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. महाप्रसादाच्या रात्री काकांनी माझ्या पानात मुद्दाम दोन वाढपे टोमॅटोचे सार वाढले आणि हसले. बोलले काहीच नाहीत.

म्हणजे काका बरोबर आणि मी चूक? मलाही तसेच वाटले. पण कार्यक्रमानंतर आचाऱ्याचे बिल आले, ते मागच्या वर्षीपेक्षा जास्तच होते. टोमॅटो उतरला तरी बिल उतरले नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. गेली काही वर्षे मी आकडे जमवतो आहे. त्यातले जे खात्रीचे वाटले ते आपल्यासमोर ठेवतो.

पावसात पडणारा सिग्नल

सुरुवात माझ्या धंद्यापासून करू, म्हणजे चुकण्याची शक्यता कमी.

चेन्नई बीच ते तांबरम हा उपनगरी मार्ग विजेवर चालू झाला १९३१ साली. आज या मार्गावर स्वयंचलित सिग्नल आहेत. रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या भागात आली की चाकांमुळे तो प्रवाह मध्येच मिटतो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला आम्ही ट्रॅक सर्किट म्हणतो. आता होते काय, की ईशान्य मोसमी पावसात रुळांत पाणी साचते, खडी भिजते आणि प्रवाह गळू लागतो. पुढे गाडी नसतानाही रिले पडतो. सिग्नल लाल! आत गाडी नाही, नुसते पाणी.

मोटरमनने काय करायचे? "पावसाचे पाणी असेल" म्हणून सुसाट जायचे? तसे केले तर एखाद्या दिवशी खरोखरच पुढे गाडी उभी असेल. मग पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसायचे? तसे केले तर सगळी उपनगरी वाहतूक ठप्प होईल. नियम असा आहे : स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटे थांबायचे आणि मग अतिशय सावधपणे, कुठेही थांबवता येईल अशा वेगाने पुढच्या सिग्नलपर्यंत जायचे. तिथे काय दिसते ते बघून पुढचे ठरवायचे.

भाजीपाल्याच्या भावाकडे असेच बघावे असे माझे मत झाले आहे. टोमॅटोचा लाल दिवा बहुतेक वेळा पावसाचे पाणी असते. तरी तो दुर्लक्षून चालत नाही. थोडे थांबायचे आणि पुढचा सिग्नल बघायचा. तो कुठे असतो, तेच आज सांगायचे आहे.

टोमॅटो, कांदा आणि नाशिकची गाडी

आधी टोमॅटो. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात टोमॅटो येतो तो मुख्यतः कोलार, मदनपल्ली, कृष्णगिरी या पट्ट्यातून. रोप लावल्यावर दोन-अडीच महिन्यांत फळ तोडायला येते. साठवता येत नाही. म्हणून भाव पडला की शेतकरी लागवड कमी करतो, त्यात पाऊस किंवा रोग आला की माल तुटतो, भाव चढतो. भाव चढला की सगळेच लावतात, आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा भाव पडतो. हा पाळणा आहे. वर जातो तो खाली येण्यासाठीच.

देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची २०१२ पायाची मालिका तेव्हा चालू होती. तिच्यात घरखर्चाच्या १०० रुपयांत टोमॅटोचा वाटा साधारण ५७ पैसे, कांद्याचा ६४ पैसे आणि बटाट्याचा ९८ पैसे धरलेला होता. तिघे मिळून सव्वादोन रुपयेसुद्धा नाहीत. पण उड्या एवढ्या मोठ्या, की सगळा निर्देशांक हलतो. जुलै २०२३ मध्ये महागाईचा दर ७.४४ टक्के झाला, खाद्यपदार्थांचा ११.५१ टक्के. अन्न आणि इंधन सोडून बाकीच्या वस्तू-सेवांचा दर मात्र ५ टक्क्यांच्या आत होता. ऑक्टोबर २०२३ पर्यंत एकूण दर ४.८७ टक्क्यांवर आला. रिझर्व्ह बँकेने त्या काळात व्याजदर वाढवला नाही. रेपो दर फेब्रुवारी २०२३ पासून ६.५ टक्के होता, तो दोन वर्षे तसाच ठेवला. म्हणजे लाल दिवा बघून त्यांनी १ मिनिट थांबण्याचा नियम पाळला म्हणा ना. आपल्यापैकी ज्यांनी घरासाठी कर्ज काढले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता कांदा. कांदा म्हटले की आपल्या लोकांचा जीव वरखाली होतो, कारण इथे आपण खाणारे आणि गावाकडे आपलेच भाऊबंद पिकवणारे. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत भरतात आणि तोच दिवाळीपर्यंत देशाला पुरवायचा असतो. खरिपाचा नवा माल यायला उशीर झाला, की सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात भाव चढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये असेच झाले. तेव्हा सरकारने साठ्यातला कांदा प्रथमच अख्ख्या मालगाडीने पाठवला. पहिली गाडी लासलगावहून दिल्लीला, १६०० टनांची. तिला 'कांदा एक्स्प्रेस' असे नाव पडले. आणि त्याच महिन्यात एक गाडी नाशिकहून आपल्या चेन्नईला आली, ८४० टनांची! सरकारी हिशोबाप्रमाणे नाशिक ते दिल्ली एका गाडीचा खर्च रेल्वेने ७०.२० लाख रुपये, तोच माल ट्रकने नेला तर ८४ लाख. रेल्वेच्या माणसाला हा आकडा पाठ नसेल तर कोणाला असेल?

त्या ऑक्टोबरमध्ये भाज्यांची भाववाढ ४२ टक्के, खाद्यपदार्थांची १०.८७ टक्के आणि एकूण महागाई ६.२१ टक्के. आणि अन्न-इंधन सोडून बाकी? ४ टक्क्यांच्या आत. पुन्हा पावसाचे पाणी.

पण इथे एक गोष्ट विसरू नये. आपल्याला इथे स्वस्त कांदा हवा असतो, त्यासाठी तिकडे काय होते? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली, आणि शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. शहरात महागाई रोखली असे आपण म्हणतो, त्यातला काही भार लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने उचललेला असतो. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

भाववाढ वेगळी, महागाई वेगळी

आपल्या बोलण्यात आपण दोन्ही शब्द एकच समजतो. पण फरक आहे. एका वस्तूचा भाव वाढणे ही भाववाढ. सगळ्या वस्तू आणि सेवांचे भाव एकामागून एक, सतत वाढत राहणे आणि वाढलेले खाली न येणे, ती महागाई. तमिळमध्ये 'विलैवासी' म्हणतात, तो शब्द मला आवडतो. त्यात एका वस्तूची नव्हे, एकूण बाजाराची पातळी येते.

मग एका वस्तूचा भाव बाकीच्यांपर्यंत पोचतो तरी कसा? याचे उत्तर मला डोशात सापडले. रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना, २०१६ साली कोचीच्या एका कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की महागाईचा दर कमी होतो तरी डोशाचा भाव कमी का होत नाही? त्यांनी उत्तर दिले ते असे, की डोसा करण्याची पद्धत काही बदललेली नाही. तव्यावर पीठ पसरणारा माणूस तोच, पण त्याची मजुरी मात्र वाढत गेली आहे.

विचार करा, किती नेमके आहे! तांदूळ वाढतो आणि उतरतो. उडीद वाढतो आणि उतरतो. डोसा फक्त वाढतो. कारण डोशात तांदूळ-उडीद थोडे आणि माणसांची मजुरी, जागेचे भाडे, गॅस, वीज जास्त. हॉटेलवाला तांदळाच्या प्रत्येक चढउताराला फलक बदलत नाही. तो वाट बघतो. पण तांदूळ, डाळ, तेल, गॅस हे सगळे वर्ष-दीड वर्ष वरच राहिले आणि तव्यावरचा माणूस म्हणाला, "सार, आता या पगारात भागत नाही," की एके सकाळी फलकावरचा जुना आकडा पुसला जातो. तो आकडा परत येत नाही.

तर पुढचा सिग्नल तो हा. टोमॅटोच्या पाटीपेक्षा डोशाचा फलक बघा. ऑटोचे भाडे, शाळेच्या व्हॅनचे पैसे, न्हाव्याचा दर, घरकामाचा पगार बघा. तिथे बदल झाला म्हणजे पुढे खरी गाडी उभी आहे.

आमच्या आचाऱ्याच्या बिलाचे कोडेही इथेच सुटले. टोमॅटो उतरला होता, पण तूरडाळ उतरली नव्हती. डाळीचे पीक वर्षातून एकदाच येते, त्यामुळे तिचा पाळणा मोठा. डिसेंबर २०२३ मध्ये डाळींची भाववाढ २० टक्क्यांच्या वर होती. आणि आचाऱ्याने आपल्या मदतनिसांची मजुरी वाढवली होती. काकांचे टोमॅटोबद्दलचे मत बरोबर होते, माझे बिलाबद्दलचे. पण प्रामाणिकपणे सांगतो, माझे बरोबर आले ते चुकीच्या कारणाने!

जेव्हा सिग्नल खरा होता

आता कोणी म्हणेल, म्हणजे अन्नाची भाववाढ नेहमीच तात्पुरती. तसे नाही. दोन वेळा तरी ती खरी ठरली आहे.

पहिली वेळ १९७२ ते ७४. महाराष्ट्रातला तो दुष्काळ इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. मी जन्मलो नव्हतो, पण रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीची चव आई अजून सांगते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. सुरुवात धान्य, तेल, साखर यांपासून झाली. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये खनिज तेलाचा भडका उडाला. घाऊक किमतींची वाढ १९७३-७४ मध्ये २० टक्के आणि १९७४-७५ मध्ये २५ टक्के झाली. पगार मागे पडले. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप झाला, तो २७ मेपर्यंत चालला. माझे वडील तेव्हा भुसावळला रेल्वेत नवीन लागले होते. त्या वीस दिवसांत घरात काय शिजले हे आईला तारीखवार माहीत आहे. त्यानंतर जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत जमा करायला लावला. हातात पैसा कमी, म्हणजे खरेदी कमी, म्हणजे भाव खाली, असा तो हिशोब. पुढच्या वर्षी भाव खरोखर खाली आले. पण ते कोणाच्या खिशातून आले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी वेळ २००९ नंतरची. ती आपण सगळ्यांनी भोगली आहे. २००९ च्या पावसात २२ टक्के तूट आली. डाळी, दूध, अंडी, मासे सगळेच चढले. तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सुबीर गोकर्ण यांनी २०१० मध्ये प्रथिनांच्या किमतीवरच एक भाषण दिले होते. लोकांच्या हाती थोडा पैसा आला की ते भातावर डाळ आणि डाळीवर अंडे वाढवतात, पण पुरवठा तेवढा वाढत नाही. अशी भाववाढ एका पावसाने उतरत नाही. जानेवारी २०१० मध्ये औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची वाढ १६ टक्क्यांवर गेली, आणि २००८-०९ पासून २०१३-१४ पर्यंत सहा वर्षांत तिची वार्षिक सरासरी एकदाही ८ टक्क्यांच्या खाली आली नाही. मजुरी वाढली, हॉटेले वाढली, भाडी वाढली. अन्नापासून सुरू झालेले सगळीकडे पोचले. याच अनुभवातून जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने सांगितले, की ध्येय ठरवायचे ते अन्न आणि इंधन धरूनच, कारण सामान्य माणसाच्या खर्चात त्यांचाच मोठा वाटा आहे. २०१६ मध्ये कायदा बदलून ४ टक्के, २ टक्के खाली-वर, हे लक्ष्य आले.

म्हणजे एक साधी कसोटी निघते. एका हंगामाची भाववाढ, तीही साठवता न येणाऱ्या मालाची, बहुधा उतरते. दोन हंगाम टिकली, अनेक पदार्थांत एकदम आली आणि मजुरीत शिरली, की ती महागाई.

विद्वानांचाही वाद

हा वाद फक्त आपल्या समितीत झाला असे समजू नका. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सुचवले गेले, की महागाईचे लक्ष्य अन्न वगळून ठरवता येईल का, हे तपासावे. अन्नाचे भाव पुरवठ्यामुळे चढतात, व्याजदराने टोमॅटो थोडाच पिकतो, हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने दुसरी बाजू मांडली. गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले, की लोकांना महागाई कळते ती अन्नाच्या भावातूनच. बँकेच्या ऑगस्ट २०२४ च्या मासिकात मायकेल पात्रा आणि सहकाऱ्यांनी लेखच लिहिला, की अन्नाची भाववाढ लांबली तर ती बाकीच्या किमतींत आणि लोकांच्या अपेक्षांत उतरते.

आणि मग गंमत बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ५.०२ टक्क्यांनी कमी होते. एकूण महागाई ०.२५ टक्के, त्या मालिकेतली सर्वांत कमी. सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर उतरल्याचाही त्यात हात होता. पण अन्न-इंधन सोडून बाकीची वाढ ४ टक्क्यांच्या वरच! त्यात मोठा हात सोन्याचा होता. इथे बसलेल्या आपल्या गलाई व्यावसायिक बांधवांना, विटा-खानापूरकडच्या मंडळींना, हे माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. टोमॅटो स्वस्त झाला आणि मुलीच्या लग्नाचे सोने दुप्पट लांब गेले. अन्न खाली, बाकी वर. ज्याने नुसती भाजीची पाटी बघितली त्याला स्वस्ताई दिसली.

फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ पायाची नवी मालिका आली. तिच्यात खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या आसपास आला. हॉटेलातले तयार जेवण वेगळ्या गटात गेले आणि लोकांच्या खर्चाची पद्धतही बदलली. पण ३७ ही सगळ्या देशाची सरासरी आहे. ती आपल्याला लागू पडेल. आपल्या घरी भांडी घासायला येते तिला पडेल का?

अक्काचा हिशोब

आता मी शेवटच्या, आणि माझ्या दृष्टीने मुख्य, मुद्द्यावर येतो.

आमच्याकडे भांड्यांना एक अक्का येतात. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायला आलो तेव्हापासून. २०२३ च्या त्या टोमॅटोच्या दिवसांत त्यांनी माझ्या पत्नीकडे पगार वाढवून मागितला. मी अर्थशास्त्राचा नवा विद्यार्थी. मी आतून म्हणालो, "टोमॅटो उतरेल म्हणावे दोन महिन्यांत." त्या काही बोलल्या नाहीत. टोमॅटो उतरला. त्यांनी परत मागितले नाही, आणि आम्हीही विसरलो.

पुढे या भाषणाची तयारी करताना पत्नीची जमाखर्चाची वही उघडली. जानेवारी २०१६ मध्ये अक्कांचा पगार १५०० रुपये. २०२५ मध्ये २०००. म्हणजे साडेनऊ वर्षांत तेहतीस टक्के वाढ. आता माझी स्लिप बघा. जानेवारी २०१६ मध्ये सातव्या वेतन आयोगाबरोबर महागाई भत्ता शून्यावर आला. १ जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. तो ठरतो सिमल्याच्या लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगार निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. एक महिना टोमॅटो चढला तर सरासरीत विरून जातो, भाव टिकला तर भत्त्यात उतरतो. किती शहाणी व्यवस्था! मला मागावेसुद्धा लागत नाही. तोच हिशोब अक्कांना लावला असता तर १५०० चे २३७० व्हायला हवे होते. महिन्याला ३७० रुपये कमी. पोंगलला साडी दिली म्हणून हा फरक मिटत नाही.

मला तेव्हा एक गोष्ट कळली, जी कोणत्याही लेखात मला एवढ्या स्पष्टपणे दिसली नव्हती. आपण म्हणतो, अन्नाची भाववाढ तात्पुरती ठरली, ती पसरली नाही. ती पसरली नाही याचा एक अर्थ असा, की पुरवठा सुधारला. तो चांगला अर्थ. पण दुसरा अर्थ असाही असतो, की मधल्या कोणीतरी ती निमूट गिळली. अक्कांनी पगारवाढ मागितली आणि मी नाही म्हणालो, तिथे सिग्नल हिरवा राहिला. तव्यावरच्या माणसाने मागितली आणि मिळाली, की आपण म्हणतो, बघा, महागाई पसरली, डोसा वाढला!

आणि हेही खरे, की सगळ्यांनी एकदम मागितले तर तेच १९७४ चे चक्र. मी हा पेच सोडवू शकत नाही. माझ्यापेक्षा मोठ्या माणसांना तो सुटलेला नाही. पण ज्याला भत्ता बांधून मिळतो त्याने, ज्याला मिळत नाही त्याला "थांब, उतरेल" असे सांगू नये, एवढे मला कळते. जानेवारी २०२० ते जून २०२१ दीड वर्ष आपला भत्ता १७ टक्क्यांवर गोठला होता, थकबाकी मिळाली नाही. तेव्हा आपण सगळे किती बोललो होतो! अक्कांचे वर्षानुवर्षे गोठलेलेच असते.

आम्ही अक्कांचा पगार २४०० केला. उपकार केला नाही, भरपाईही झाली नाही, कारण मागच्या वर्षांचे पैसे बुडालेच. मी त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "सार, टोमॅटो उतरला होता ना?" मला अजून कळलेले नाही, की ती थट्टा होती की काय.

तेव्हा समितीपुढे दोन नम्र सूचना ठेवून थांबतो. पहिली, वर्गणी कोणत्याही एका भाजीच्या भावावर ठरवू नये. मागच्या वर्षीच्या बिलावर आणि डोशाच्या फलकावर ठरवावी. २०२३ चा माझा ठराव चुकीच्या पुराव्यावर झाला होता, हे इतिवृत्तात नोंदवायला माझी हरकत नाही. दुसरी, मंडप झाडणारे, भांडी घासणारे, आचाऱ्याच्या हाताखालचे जे लोक दर वर्षी येतात, त्यांचा मेहनताना दर वर्षी निदान महागाई भत्त्याच्या वाढीइतका वाढवावा. त्यांनी मागण्याची वाट बघू नये. काकांशी मी बोललो आहे. ते म्हणाले, "आकडे दे, बसवतो." काका हो म्हणाले म्हणजे अर्धे काम झाले.

मोदकाचा नारळही गेल्या वर्षी चांगलाच चढला होता. पण त्यावर मी काही भाकीत करणार नाही. एकदा टोमॅटोने शिकवले तेवढे पुरे.

 गणपती बाप्पा मोरया!